‘मुख्य अर्जदार’ कोण?

(केंद्राच्या मासिक बैठकीत समुपदेशक कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत जरा कुजबुज झाली, ती मी ऐकली. ‘अमेरिका की कॅनडा’ हा काय आपला विषय आहे? आपल्याकडे येणाऱ्या बायांना सासरच्या घरात रात्री झोपायला जागा आहे की नाही, हा प्रश्न असतो. रेशन कार्डावर नाव कुणाचं, खोलीच्या भाडेपावतीवर नाव कुणाचं, यावर आपण भांडतो. अशात लहान मुलं घेऊन परदेशी निघालेल्या, बऱ्यापैकी खात्यापित्या घरातल्या बाईने कुठला देश निवडावा यावर तासभर कशाला घालवायचा?

मलाही बरीच वर्षं असंच वाटत होतं. पण नीट पाहिलं तर प्रश्न तोच आहे. कागदावर नाव कुणाचं? रेशन कार्डाच्या जागी व्हिसा आहे, एवढाच फरक. त्या व्हिसावर बाईची ओळख ‘कुणाची तरी बायको’ एवढीच असेल, तर ती दहा हजार मैलांवर, माहेर हाकेच्या अंतरावर नसताना, काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे आपल्याला ठाऊक हवं. कारण फोन शेवटी इथेच येतात. तिच्या आईवडिलांचे येतात, आणि हल्ली रात्री-अपरात्री तिचेही येतात.

गोष्ट सांगते. २०२४ च्या सुरुवातीला एक बाई केंद्रावर आली. वय ३२. बी.एस्सी. नर्सिंग झालेली, एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आठ वर्षं नोकरी. नवरा संगणक क्षेत्रात, वय ३८. मुलगी सहा वर्षांची, मुलगा दोन. बसल्या बसल्या म्हणाली, “ताई, माझी तक्रार काही नाही हं. मारझोड वगैरे काही नाही. मला फक्त विचारायचंय.” (ज्या बाईची तक्रार नसते ती बोलायला किती वेळ लावते, हे तुम्हाला माहीत आहे.)

घरात दोन महिने चर्चा चालू होती. नवऱ्याची कंपनी त्याला अमेरिकेला पाठवायचं म्हणत होती. त्याचा मित्र टोरांटोहून फोन करून सांगत होता, अमेरिकेचं सोड, कॅनडाला ये. रविवारी सकाळी सासरे, दीर, नवरा आणि फोनवर न्यू जर्सीचा चुलतभाऊ अशी बैठक बसायची. पगार कुठे जास्त, कर कुठे जास्त, घरं कुठे महाग, बर्फ कुठे किती, शाळा कुठल्या चांगल्या, आणि अर्थात मराठी मंडळ कुठलं मोठं. सगळं बोलून झालं होतं. मी तिला विचारलं, “तू काय म्हणालीस?” तर म्हणाली, “मी पोहे देत होते.”

मग मी दुसरा प्रश्न विचारला. अमेरिकेला गेलात तर तुझ्या व्हिसावर काय लिहिलेलं असेल? तिला माहीत नव्हतं. दोन महिन्यांच्या चर्चेत तो विषयच निघाला नव्हता.

आता इथे थोडं थांबून तपशिलात जाऊ. नवरा नोकरीवर अमेरिकेला जातो तो बहुतेक वेळा एच-१बी व्हिसावर. बायको आणि मुलं जातात ती एच-४ वर. एच-४ म्हणजे अवलंबित. या व्हिसावर बाई राहू शकते, शिकू शकते, गाडी चालवू शकते. नोकरी करू शकत नाही. तिला सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, आणि तिथे त्या नंबराशिवाय माणूस म्हणजे सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरीण. राबायला आहे, नोंद नाही. नवऱ्याची नोकरी गेली की त्याचा व्हिसा जातो, आणि त्याच्या मागोमाग तिचाही जातो. तिची स्वतःची अशी वेगळी पत तिथे नसते.

२०१५ च्या मे महिन्यात यात थोडी फट पडली. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या अर्जाचा एक टप्पा मंजूर झाला असेल, किंवा त्या प्रक्रियेमुळे त्याला सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ मिळाली असेल, तर एच-४ वरच्या बायकोला कामाचा परवाना मागता येऊ लागला. असे परवाने घेणाऱ्यांमध्ये दहातल्या नऊहून जास्त बायका होत्या, आणि दहातल्या नऊहून जास्त जणी भारतीय. म्हणजे हा नियम अमेरिकेचा असला तरी पुण्या-नाशिक-हैदराबादच्या बायकांसाठीच केल्यासारखा होता. पण यातली मेख बघा. तो ग्रीन कार्डाचा अर्ज करायचा की नाही, कधी करायचा, हे नवऱ्याची कंपनी ठरवते. मंजुरीपर्यंत सहज दोन-तीन वर्षं जातात. तोवर आठ वर्षं अतिदक्षता विभाग सांभाळलेली बाई घरात बसून डबे भरणार. आणि हा नियम टिकेल याचीही खात्री कधी नव्हती. आधीच्या एका सरकारने तो रद्द करण्याचा प्रस्ताव काही वर्षं टांगून ठेवला, तो २०२१ मध्ये मागे घेतला गेला. त्याविरुद्धचा खटला तर दहा वर्षं चालला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तो ऐकायला नकार दिला, म्हणून नियम वाचला. पण त्याच महिन्याच्या अखेरीला दुसरीकडून चिमटा बसला. परवान्याचं नूतनीकरण वेळेत झालं नाही तर मिळणारी आपोआप मुदतवाढ बंद झाली. म्हणजे सरकारी कचेरीत कागद अडला की बाईने काम थांबवायचं.

गंमत म्हणजे कंपनीने त्याच नवऱ्याला त्याच कामासाठी एल-१ या बदलीच्या व्हिसावर पाठवलं, तर बायको एल-२ वर जाते आणि तिला नोकरी करता येते. २००२ च्या कायद्याने हा हक्क दिला आणि २०२१ पासून तर त्यासाठी वेगळा परवानाही काढावा लागत नाही. एका अक्षराचा फरक. पण कुठल्याही कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने बायकोला बोलावून सांगितलंय, बाई गं, या अक्षरावर गेलीस तर तुझी नोकरी सुटेल आणि त्या अक्षरावर गेलीस तर राहील? मी तरी ऐकलेलं नाही. म्हणून ते आपण सांगायचं. एल-१ सगळ्यांना मिळत नाही, त्याच्या अटी वेगळ्या आहेत, पाच किंवा सात वर्षांची मर्यादा आहे. पण विचारायला काय हरकत आहे? आमच्या मैत्रिणीने नवऱ्याला विचारायला लावलं. कंपनी म्हणाली, तुमच्या कामाला तो बसत नाही. ठीक. निदान प्रश्न तरी त्या घरात पहिल्यांदा विचारला गेला.

मला हे सगळं एवढं तोंडपाठ का आहे, तेही सांगायला हवं. २००३ सालची गोष्ट. एका मुलीचे आईवडील आले. मुलगी बँकेतली नोकरी सोडून लग्न करून अमेरिकेला गेलेली, एच-४ वर. नवरा मारत होता. आम्ही इथे ज्या आत्मविश्वासाने सांगतो त्याच आत्मविश्वासाने मी फोनवर तिला सांगितलं, पोलिसांना बोलाव. तिने बोलावलं. तिथले पोलीस आले, त्याला घेऊन गेले, खटला झाला, कंपनीने त्याला काढलं. आणि काही आठवड्यांत त्याच्याबरोबर तिचीही तिथे राहण्याची मुदत संपली. कडेवर दीड वर्षाचं मूल घेऊन ती परत आली. सासरचे म्हणाले, हिने आमच्या मुलाचं वाटोळं केलं. ती माझ्यासमोर या इथेच बसली होती. म्हणाली, “तुम्ही पोलिसांना बोलवायला सांगितलंत ते बरोबर होतं. पण पुढचं सांगितलं नाहीत.” पुढचं मला माहीतच नव्हतं, हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. आज इतक्या वर्षांनी इथे सांगते आहे.

त्यानंतर कायदे थोडे पुढे गेले. १९९४ च्या तिथल्या कायद्याने नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डवाल्याच्या छळ सोसणाऱ्या बायकोला स्वतः अर्ज करण्याची वाट दिली होती. एच-४ वरची बाई त्यात बसतच नव्हती. २००५ च्या दुरुस्तीने अशा बाईला निदान कामाचा परवाना मागता येईल अशी तरतूद झाली, आणि ती प्रत्यक्षात यायला २०१७ उजाडलं. गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी ‘यू’ नावाचा व्हिसा आहे, त्याचीही रांग मोठी. न्यू जर्सीत ‘मानवी’ १९८५ पासून आणि न्यूयॉर्कमध्ये ‘सखी’ १९८९ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करतात. तेव्हा मला ही नावंही ठाऊक नव्हती. आता निघणाऱ्या प्रत्येकीच्या वहीत ती लिहून द्यायची. तक्रार असो वा नसो.

तर परत आपल्या मैत्रिणीकडे. कॅनडाचं काय? तिथल्या केंद्र सरकारने २०१५ पासून गुणांची नवी पद्धत आणली आहे. वय, शिक्षण, भाषेची परीक्षा, कामाचा अनुभव यांना गुण. नवरा-बायको मिळून अर्ज करतात, त्यात एक जण मुख्य अर्जदार आणि दुसरा जोडीदार. मुख्य कोण, हे त्या दोघांनी ठरवायचं. सगळं घर धरून चाललं होतं की मुख्य म्हणजे तो. दुसरं काय असणार? मी तिला म्हटलं, बस, आपण बेरीज करू. ३२ वर्षांच्या विवाहित अर्जदाराला वयाचे ८५ गुण. ३८ वर्षांच्याला ५५. इथेच तीस गुणांचा फरक. जोडीदाराकडून मिळू शकणारे जास्तीत जास्त गुण चाळीस, म्हणजे भार सगळा मुख्य अर्जदारावर. शिवाय २०२३ पासून तिथे आरोग्यसेवेतल्या लोकांना वेगळं बोलावणं यायला लागलं होतं, आणि नर्स त्यात होत्या. बेरीज संपली तेव्हा ती कागदाकडे बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, “म्हणजे हे माझ्यामागे येणार?”

मैत्रिणींनो, या एका वाक्यात आपली पंचवीस वर्षांची शिबिरं आहेत.

आणि दुसरी गोष्ट, जी मला गुणांपेक्षा मोठी वाटते. कॅनडाने अर्ज मंजूर केला की दोघंही स्थायी रहिवासी होतात. स्वतंत्रपणे, प्रत्येकाचं कार्ड वेगळं. दोघांना पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते. उद्या नवऱ्याची नोकरी गेली, किंवा नवरा गेला, किंवा तिनेच त्याला सोडलं, तरी तिचा तिथे राहण्याचा हक्क त्याच्यामागे जात नाही. हे नेहमीच असं नव्हतं. आधीच तिथे असलेल्या नवऱ्याने लग्न करून नेलेल्या बायकांवर कॅनडानेही २०१२ मध्ये अट घातली होती, दोन वर्षं एकत्र राहिलात तरच हक्क पक्का. छळ झाल्यास सूट होती, पण ती सिद्ध करायची कुणी, कशी? तिथल्या बायकांच्या संघटनांनी आरडाओरडा केला आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये ती अट गेली. म्हणजे तिकडचं सरकार काही जन्मतः शहाणं नव्हतं.

मुलांचं बघू. त्यांच्याविषयी चर्चेत फक्त ‘शाळा चांगल्या’ एवढंच बोललं गेलं होतं. अमेरिकेत नोकरीतून मिळणाऱ्या ग्रीन कार्डांना देशागणिक सात टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग भयंकर लांब. त्यातल्या एका मोठ्या वर्गात २०२५ मध्ये ज्यांची पाळी आली, त्यांनी अर्ज २०१३ च्या सुरुवातीला केले होते, आणि मागे उभे असलेल्यांची रांग त्याहून मोठी. आता हिची मुलगी सहा वर्षांची. पंधरा वर्षांत ती एकवीसची होईल. एकविसाव्या वर्षी मूल आईबापांच्या व्हिसावरून उतरतं. वयाची मोजणी थोडी सैल करणारा २००२ चा कायदा आहे, पण रांगच पंधरा-वीस वर्षांची असेल तर तो कुठवर पुरणार? त्या देशात पहिलीपासून शिकलेल्या मुलीला मग विद्यार्थी व्हिसा काढावा लागतो, नाहीतर जिथे तिला वाचताही येणार नाही अशा मराठी गावाकडे परत. कॅनडात मुलं आईबापांबरोबरच स्थायी रहिवासी होतात, हा प्रश्नच येत नाही.

पाळणाघर, बाळंतपणाची रजा यांचं पटकन सांगते. अमेरिकेत देशभराचा कायदा आहे १९९३ चा, बारा आठवडे रजा, बिनपगारी, तीही पन्नासहून कमी माणसांच्या कंपनीत नाही आणि वर्षभर नोकरी झाल्याशिवाय नाही. काही राज्यांनी स्वतःची पगारी रजा आणली आहे, म्हणून कुठल्या राज्यात निघालात ते विचारा. कॅनडात विम्यातून आईला पंधरा आठवडे आणि वर आईबापांनी वाटून घ्यायचे चाळीस आठवडे भत्ता मिळतो, पगाराच्या साधारण ५५ टक्के आणि वर मर्यादा. त्या चाळिसात एकाला पस्तीसहून जास्त घेता येत नाहीत, म्हणजे उरलेले पाच बापाने घ्यायचे नाहीतर सोडायचे. हा नियम करणाऱ्याला नवरे माहीत असावेत. मुलांसाठी सरकारी भत्ता आहे, २०२४-२५ मध्ये सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ७,७८७ डॉलर, उत्पन्नानुसार कमी होणारा. आणि आई घरात असेल तर मूल तीच सांभाळते असं धरून तो तिच्या नावाने जातो. आता यावर आपल्यात वाद होईल. मूल आईनेच सांभाळायचं, हे सरकारने कसं धरलं? बरोबर आहे वाद. पण पैसे तिच्या खात्यात येतात, हेही खरं.

पाळणाघरांचं मात्र गोडवे गाण्यासारखं नाही. क्यूबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलरचं पाळणाघर सुरू केलं, २०२१ मध्ये केंद्राने देशभर दहा डॉलरचं उद्दिष्ट ठेवलं. दर उतरले, पण जागा? गरोदर असतानाच नाव नोंदवावं लागतं असं तिथल्या बाया सांगतात. त्यामुळे दोन्ही देशांत शेवटी पाळणाघर चालवते ती आजी.

या आजीबद्दल मला बोलायचंच होतं. ‘लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघाले’ असं सांगताना इथल्या बायकांचा चेहरा किती फुलतो! मेथीचे, डिंकाचे लाडू, बाळंतविड्याचं सामान, गोधड्या. पाहुण्यांच्या व्हिसावर अमेरिकेत साधारण सहा महिने राहता येतं, म्हणून आधी माहेरची आजी सहा महिने, मग सासरची आजी सहा महिने, अशा पाळ्या लागतात. गिरणीतल्या पाळ्यांसारख्याच. कॅनडाने २०११ मध्ये आईवडिलांसाठी खास व्हिसा काढला, २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षंसुद्धा राहता येतं. पाच वर्षं! सरकारला वाटलं कुटुंबं एकत्र आणली. मला वाटतं, पाच वर्षांची बिनपगारी दाई आली. दवाखान्याचा विमा खाजगी काढायचा, तोही मुलाच्या किंवा लेकीच्या खर्चाने, म्हणजे उपकारही तिच्यावरच. गुडघे दुखतात म्हणून बर्फात बाहेर पडता येत नाही, भाषा नाही, गाडी नाही, आणि मुलं शाळेत गेली की घरात भिंती. साठ वर्षांची बाई तिथे दुसऱ्यांदा सासुरवास भोगते, फक्त सासू नसते. देश निवडताना या आजीलाही विचारायचं असतं, हे आमच्या मैत्रिणीच्याही डोक्यात आलं नव्हतं. ती म्हणाली, आई येईलच की.

पैसा. कॅनडाला निघताना बँकेत रक्कम दाखवावी लागते, चौघांच्या कुटुंबाला २०२५ च्या आकड्याप्रमाणे सुमारे २८ हजार कॅनेडियन डॉलर. तेव्हा थोडे कमी होते. हे पैसे कुठून आणायचे ठरलं? तिच्या पाटल्या आणि तिच्या भविष्य निर्वाह निधीतून. फ्लॅट मात्र सासऱ्यांच्या नावावर, तो विकायचा नाही, ‘परत यायचं झालं तर हवा ना’. स्त्रीधन मोडून देश बदलायचा आणि परतीचं घर दुसऱ्याच्या नावावर. मी तिला म्हटलं, मोडायचं तर मोड, पण पावती तुझ्याजवळ ठेव आणि रक्कम तुझ्या खात्यातून जाऊ दे. तिला ते फार भांडखोरपणाचं वाटलं. तरी केलंन.

आता सर्वांत अवघड भाग. ज्या घरात सगळं छान चाललंय तिथे हा विषय काढायचा कसा, मला अजून कळलेलं नाही. मूल एकदा परदेशात रुळलं की नवरा-बायकोच्या भांडणात ते मूल कुठे राहायचं, हे तिथलं न्यायालय ठरवू पाहतं. अमेरिका आणि कॅनडा दोघेही १९८० च्या हेग करारात आहेत. एकाने मूल उचलून दुसऱ्या देशात नेलं तर ते आधीच्या देशात परत पाठवायचं, असा तो करार. भारत त्यात नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये सामील व्हा म्हणून सांगितलं, २०१६ मध्ये पुन्हा अहवाल दिला. बायकांच्या संघटनांचा मोठा भाग याच्या विरोधात उभा राहिला, कारण मूल घेऊन पळून येणारी बहुधा आई असते आणि ती बहुधा मार खाऊन आलेली असते. माझंही मत तेच आहे. पण म्हणून इथे आलं की सुटलो, असं समजू नका. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नित्या आनंद राघवन खटल्यात आईच्या बाजूने, मुलीचं हित पाहून निकाल दिला. २०१९ आणि २०२० मध्ये त्याच न्यायालयाने वेगळ्या खटल्यांत मुलांना अमेरिकेत परत पाठवायला सांगितलं. तिथल्या न्यायालयाचा आदेश मोडून आलेल्या बाईला तिकडे पुन्हा पाऊल ठेवणं कठीण होतं. घटस्फोटाचंही तसंच. नरसिंह राव खटल्यात १९९१ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बायको तिथल्या न्यायालयापुढे आली नसेल आणि आपल्या विवाह कायद्यातल्या कारणांवर निकाल नसेल, तर परदेशी घटस्फोट इथे चालणार नाही. चांगलं झालं. पण मग ती इथे बायको आणि तिथे परित्यक्ता, अशी दोन देशांत दोन कागदांवर लोंबकळत राहते. या बाबतीत दोन देशांत डावं-उजवं करायला मला फारसं काही सापडलं नाही. ज्या देशात तिच्या नावाचं कार्ड असेल तिथे ती निदान उभी राहून खटला लढू शकते, एवढंच.

इथे मला आपल्या पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ मध्ये पदरात दोन वर्षांची मनोरमा घेऊन ही विधवा बाई इंग्लंडला गेली. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला फिलाडेल्फियाला गेली, तेव्हा मनोरमा पाच वर्षांचीही नव्हती. इंग्लंडमध्ये तिला आसरा मिळाला, चेल्टनहॅमला शिकवायला मिळालं, पण तिने पुरुषांना शिकवावं का, मुलीला कुठल्या पंथाचं धर्मशिक्षण द्यावं, यावर चर्चमधली मंडळी तिच्याशी हुज्जत घालत राहिली. अमेरिकेत तिला तिच्या अटींवर पैसा उभा करता आला, आणि त्यातून १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. त्याच वर्षी तिने अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तकही लिहिलं. दोन देश तिने बाईच्या नजरेने पाहिले. रविवारच्या बैठकीत पोहे देत नाही पाहिले.

आता तुम्ही म्हणाल, ताई कॅनडाची वकिली करतायत. नाही. तिथे गेलेल्या डॉक्टर, शिक्षिका, वकील बायका वर्षानुवर्षं दुकानात उभ्या राहतात. ‘कॅनडातला अनुभव आहे का?’ या एका प्रश्नावर दार बंद. ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्येच असा आग्रह म्हणजे भेदभाव आहे असं धोरण जाहीर केलं, तरी दार तसंच. नवऱ्याला लवकर नोकरी मिळावी म्हणून बायको मिळेल ते काम धरते, मग त्याची परीक्षा, मग त्याचा कोर्स, आणि तिचा परवाना पुढच्या वर्षी. हे ‘पुढच्या वर्षी’ दहा वर्षं चालतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या सरकारने नव्या स्थायी रहिवाशांचा आकडाही खाली आणला, २०२५ साठी ३ लाख ९५ हजार. दार तिथेही किलकिलंच होतंय. अमेरिकेने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, ते तुम्ही वाचलंच असेल.

मग त्या घरात काय ठरलं? तुम्हाला वाटेल, बेरजेचा कागद पाहून घर बदललं. तसं काही झालं नाही. तिने कागद दाखवला, तेव्हा सासरे म्हणाले, बघू. नवरा गप्प. दीर म्हणाला, बायकोच्या व्हिसावर जाणार का? नवऱ्याने तेव्हा उत्तर दिलं नाही, हे तिला अजून लागलेलं आहे. मार्चमध्ये एच-१बीची सोडत निघाली. वर्षाला ८५ हजार जागा, अर्ज कितीतरी पट. त्याचं नाव आलं नाही. मग पुढच्या रविवारी सासरे म्हणाले, “तुमचं ते कॅनडाचं काय झालं?” तिने अर्ज भरला. मुख्य अर्जदार, तिचं नाव. मला फोन करून म्हणाली, “ताई, मला निवडलं नाही हो, त्यांना दुसरं काही उरलं नाही.”

२०२५ मध्ये चौघं ऑन्टारिओत पोचली. ती सध्या एका वृद्धाश्रमात मदतनीस आहे, बारा-बारा तासांच्या पाळ्या. नर्सिंगच्या परवान्याचे कागद इथून पाठवायचे होते, तिच्या कॉलेजने सही-शिक्क्याला चार महिने घेतले. परीक्षा तीच, जी अमेरिकेतही द्यावी लागते. फरक एवढाच की पास झाल्यावर इथे ती नोकरी करू शकेल. नवऱ्याला मनासारखं काम मिळालेलं नाही, तो थोडं घरून करतो आणि मुलांना शाळेत सोडतो, आणतो. सासूबाई रोज फोनवर विचारतात, आज स्वयंपाक कुणी केला? तो खरं सांगतो की खोटं, हे ती मला सांगत नाही. आईला बोलवायचं का, यावर त्यांचं भांडण चालू आहे. ती म्हणते नको. तो म्हणतो, मग मी एकट्याने किती करायचं?

हे वाक्य मी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

आपण आता एक काम करायचं आहे. निघणाऱ्या बाईला विचारायच्या प्रश्नांचा एक कागद तयार करू. व्हिसाचं अक्षर, तिच्या नावाचं खातं, दागिन्यांच्या पावत्या, मुलांच्या पासपोर्टच्या प्रती तिच्या माहेरी, शिक्षणाच्या मूळ कागदांची पिशवी, तिथल्या संघटनेचा फोन. विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या वेळीही तो द्यायचा. नागपूर आणि नाशिकच्या गटांनी त्यांच्याकडचे अनुभव लिहून पाठवायचं कबूल केलं आहे. वकील मैत्रिणींपैकी कुणी हेगचा भाग सोप्या मराठीत लिहून द्याल का? एका पानात बसला पाहिजे. आणि आजीचा प्रश्न त्यात कुठे घालायचा, ते मला सुचलेलं नाही. चहा घेता घेता बोलू.